सेन्सरची परीक्षा : झाकण लावा, फोटो काढा!

फायनल इयरचे सिनियर्स होस्टेल सोडताना कूलर, सायकल आणि कधीकधी कॅमेराही विकून जातात. घेताना आपण ओरखडे बघतो, बॅटरी बघतो. पण सेन्सर तपासायचा राहूनच जातो. खरं तर ही चाचणी दहा मिनिटांची आणि फुकटातली!

आधी थोडी थिअरी. सेन्सर म्हणजे लाखो फोटोडायोडची जाळी. प्रकाश पडेल तसा प्रत्येकात चार्ज साठतो. मात्र सिलिकॉनमध्ये उष्णतेमुळे अंधारातही थोडा चार्ज तयार होतो. हाच डार्क करंट. एखाद्या पिक्सेलमध्ये तो जास्त असला, की लांब एक्स्पोजरमध्ये तिथे ठिपका चमकतो. हा हॉट पिक्सेल. कोणत्याही एक्स्पोजरला चमकतो तो स्टक, आणि कधीच उजळत नाही तो डेड. प्रत्येक पिक्सेलवर लाल, हिरवा किंवा निळा फिल्टर असल्यामुळे चमकणारा ठिपका बहुधा रंगीत दिसतो.

आता प्रॅक्टिकल :

१) मॅन्युअल मोड, आयएसओ १००, फाइल शक्यतो रॉ. 'लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन' बंद करा. ते चालू असेल तर कॅमेरा स्वतःच एक काळी फ्रेम घेऊन ठिपके वजा करतो आणि दोष झाकला जातो.

२) लेन्सला झाकण लावून १/६०, १ आणि ३० सेकंदांचे प्रत्येकी दोन फोटो काढा.

३) झाकण काढा, फोकस मुद्दाम बिघडवा आणि पांढऱ्या भिंतीचा फोटो घ्या. डेड पिक्सेल इथे सापडतो. मोठा धूसर डाग दिसला तर ती बहुधा धूळ.

४) फोटो कॉम्प्युटरवर १०० टक्के झूम करा. फोटो सरकवूनही ठिपका जागचा हलत नसेल, तर दोष मॉनिटरचा! दोन्ही फोटोंत ठिपका त्याच जागी असेल तरच सेन्सरवर संशय घ्या.

निकाल कसा लावायचा? फक्त ३० सेकंदांच्या फोटोत चार-दोन ठिपके असतील तर काळजी नको. नॉइज रिडक्शन ते काढून टाकते. १/६० लाही ठिपका दिसला, तर मेनूत 'पिक्सेल मॅपिंग' आहे का बघा. त्यात कॅमेरा खराब पिक्सेलची नोंद ठेवून शेजाऱ्यांवरून रंग भरतो. ती सोय नसेल तर घासाघीस करायला मुद्दा मिळाला! पण आख्खी रेघच दिसली, तर सिनियर कितीही जवळचा असो, हात जोडा आणि निघा.