पाडा, वस्ती आणि ग्रामसभा

साक्री तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात एकेका महसुली गावाखाली अनेक पाडे येतात. पाड्याला स्वतःची ग्रामपंचायत नसते. त्याचा कारभार मूळ गावाची किंवा गट ग्रामपंचायत पाहते. मतदार थोडे, म्हणून पाड्याचा हातपंप आणि रस्ता मागे पडतो. गावकुसाबाहेरच्या वस्तीचेही तेच.

हा धोका बाबासाहेबांनी आधीच ओळखला होता. ६ ऑक्टोबर १९३२ रोजी मुंबई कायदेमंडळात ग्रामपंचायत विधेयकावर बोलताना त्यांनी अस्पृश्यांसाठी राखीव जागांचा आग्रह धरला. २४ एप्रिल १९९३ पासून लागू झालेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने अनुसूचित जाती व जमातींना पंचायतीत लोकसंख्येच्या प्रमाणात जागा दिल्या.

परंतु जागा मिळाली म्हणजे काम झाले असे नाही. साक्री तालुक्याचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात आहे. तेथे १९९६ चा पेसा कायदा व महाराष्ट्राचे २०१४ चे नियम लागू आहेत. त्यानुसार पाड्यातील मतदार ठराव करून आपला पाडा स्वतंत्र गाव घोषित करण्याची मागणी उपविभागीय अधिकाऱ्यांकडे करू शकतात. मग ग्रामपंचायत तीच राहिली तरी पाड्याची ग्रामसभा स्वतःची होते.

इतर वस्त्यांनी मूळ ग्रामसभेलाच गेले पाहिजे. तत्पूर्वी होणाऱ्या महिला सभेत पाण्याचा प्रश्न मांडावा, ठरावात वस्तीचे नाव लिहून घ्यावे आणि इतिवृत्त वाचल्याशिवाय सही करू नये.

विद्यार्थी मित्रहो, वाचता येणाऱ्याने हे इतिवृत्त वस्तीत मोठ्याने वाचून दाखवावे. आपल्या शिक्षणाचा वस्तीला एवढा तरी उपयोग झालाच पाहिजे.