तिसरी पिन तोडू नका

गाण्याच्या मोठ्या मशीनच्या प्लगला तीन पिना असतात. त्यांतली एक जाड व लांब. ती कशाला बरे? ती अर्थिंगची. मशीनच्या लोखंडी पेटीपासून हिरवी तार निघते. ती या पिनेतून जमिनीत पुरलेल्या नळीपर्यंत जाते.

आतली तार सुटून पेटीला लागली, तर 230 व्होल्टची वीज पेटीत उतरते. अर्थिंगची वाट नसेल, तर ती माणसाच्या अंगातून जमिनीत जाते. जीव जातो.

कर्णा घुंघुं करतो म्हणून काही जण ही पिनच तोडतात. आवाज थांबतो, पण घराचा राखणदार जातो! आम्ही सांगतो, तसे करू नका. सारी मशीने एकाच बोर्डाला लावा. घुंघुं बहुधा कमी होते. सुकी माती वीज नीट ओढत नाही. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घाला. वायरमनकडून ईएलसीबी बसवून घ्या.