उन्हाळ्यात जाड ऑइल घालावं का?

प्रश्न : कारच्या पुस्तिकेत ५डब्ल्यू-३० ऑइल सांगितलंय. भिवंडीच्या उकाड्यात २०डब्ल्यू-४० चालेल का? – एक वाचक, कामतघर

उत्तर : पुस्तिकेतलंच घाला. ‘एसएई जे३००’ मानकात डब्ल्यूआधीचा आकडा थंडीतल्या प्रवाहीपणाचा. ५डब्ल्यूची चाचणी उणे ३० अंशांना होते. तशी थंडी कामतघरला पडत नाही, हे खरं. दुसरा आकडा मात्र १०० अंश सेल्सिअसला ठरतो : ३० म्हणजे ९.३ ते १२.५ सेंटीस्टोक, ४० म्हणजे १२.५ ते १६.३. बाहेर ३० अंश असो वा ४०, तापलेल्या इंजिनातलं ऑइल शंभरीच्या आसपासच असतं. उलट सकाळी गाडी सुरू करताना जाड ऑइल वरच्या भागांपर्यंत उशिरा पोहोचतं, आणि झीज तेव्हाच जास्त होते. डब्यावरचा एपीआय दर्जाही पुस्तिकेशी ताडून घ्या.