तावदानांसाठी सुरक्षा फिल्म : निवड आणि बसवणी

रशियातील चेल्याबिन्स्क शहराच्या आकाशात १५ फेब्रुवारी २०१३ रोजी सकाळी एक उल्का फुटली. प्रखर उजेड पाहून अनेक लोक कुतूहलाने खिडक्यांशी गेले आणि दोन-तीन मिनिटांनी हवेचा धक्का येऊन पोहोचला. सुमारे दीड हजार लोकांना उपचार घ्यावे लागले. त्यांपैकी बहुतेकांना इजा झाली ती उल्केमुळे नव्हे, तर फुटलेल्या तावदानांच्या काचांमुळे. मुंबईत १२ मार्च १९९३ रोजी झालेल्या बाँबस्फोटांतही इमारतींच्या काचांचा सडा रस्त्यावर पडला होता.

असे प्रसंग विरळाच. परंतु वाऱ्याने आपटणारे झडप, मैदानातून आलेला चेंडू किंवा धावताना काचेच्या दारावर आदळणारे मूल, या गोष्टी शाळांतून व कार्यालयांतून नेहमीच्याच आहेत. साधी काच फुटली की तिचे लांब, सुरीसारखे धारदार तुकडे होतात. आघातापेक्षा धोका असतो तो या तुकड्यांचा.

सर्व काचा बदलून सुरक्षा काच बसविणे हा उत्तम उपाय होय. तथापि जुन्या इमारतींत तो दरवेळी परवडतो असे नाही. अशा ठिकाणी सुरक्षा फिल्मचा विचार करता येतो. ही पॉलिएस्टरची पारदर्शक फिल्म असून तिच्या एका बाजूस चिकटद्रव्य असते व ती तावदानाच्या आतील बाजूस लावतात. येथे एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. फिल्ममुळे काच अभंग होत नाही. काच फुटतेच, मात्र तिचे तुकडे फिल्मला चिकटून राहतात.

निवड करताना प्रथम जाडी पाहावी. उन्हाची तिरीप कमी करण्यासाठी लावतात ती फिल्म साधारणतः ५० मायक्रॉन किंवा त्याहून पातळ असते. ती सुरक्षेसाठी नव्हे, हे दरपत्रके मागविताना स्पष्ट करावे; नाहीतर स्वस्त म्हणून तीच माथी मारली जाण्याचा संभव असतो. तुकडे धरून ठेवण्यासाठी सामान्यतः १०० मायक्रॉनची फिल्म वापरतात, तर जेथे आघात मोठा संभवतो तेथे २०० मायक्रॉन वा अधिक जाडीची घेतात. पुरवठादाराकडून चाचणीचा अहवाल अवश्य मागावा. युरोपीय मानक ईएन १२६०० नुसार ५० किलोग्रॅमचा लोलक १९०, ४५० आणि १२०० मिलिमीटर उंचीवरून काचेवर सोडून प्रतवारी ठरवितात. हा अहवाल विशिष्ट जाडीच्या काचेवरील विशिष्ट फिल्मचा असतो. आपल्या खिडकीची काच त्याहून वेगळी असेल, तर त्या कागदाचा उपयोग फारसा नाही.

फिल्म काळी असण्याची गरज नाही. वर्गात उजेड हवा असतो, म्हणून पारदर्शकच घ्यावी. (सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये काळ्या फिल्मसंबंधी दिलेला आदेश वाहनांच्या काचांबाबत होता, इमारतींचा त्याच्याशी संबंध नाही.)

आपल्याकडील जुन्या शाळांत नक्षीची, खडबडीत काच बरीच आढळते. खडबडीत पृष्ठावर फिल्म नीट चिकटत नाही. आतील बाजू गुळगुळीत असेल तरच ती लावावी, अन्यथा काच बदलणेच इष्ट. सर्व तावदानांना फिल्म लावण्याइतका निधी नसल्यास दारांतील, दारांशेजारच्या आणि जमिनीलगतच्या काचा प्रथम घ्याव्यात. उंचावरील झरोके मागाहून.

आता चौकटीविषयी. खर्च मंजूर करताना हाच मुद्दा बहुधा सुटतो. लाकूड कुजले असेल, पुटी गळून गेली असेल किंवा खिळे सैल झाले असतील, तर फिल्म लावलेली काच फुटल्यावर अखंड पत्र्यासारखी खाली कोसळू शकते. कणखर केलेल्या (टफन्ड) काचेचे बारीक कण होतात, परंतु फिल्ममुळे ते एकत्र राहून त्यांचे सारे वजन एकदम खाली येण्याचा धोका तेथे अधिक असतो. म्हणून आधी सुताराकडून चौकटी दुरुस्त करून घ्याव्यात. मोठ्या काचांच्या बाबतीत फिल्मच्या कडा विशिष्ट सिलिकॉनने किंवा धातूच्या पट्टीने चौकटीशी जखडतात. किनारपट्टीवर निसर्ग (२०२०) किंवा तौक्ते (२०२१) यांसारख्या चक्रीवादळांपासून केवळ फिल्मच्या भरवशावर रक्षण होईल असे मानू नये. उडून येणारे पत्रे व फांद्या अडविण्यास लाकडी झडपा हव्यातच.

बसवणीचे यश स्वच्छतेवर अवलंबून आहे. पंखे बंद करावेत, रंगाचे शिंतोडे पात्याने खरवडून काढावेत व काच साबणाच्या पाण्याने पुनःपुन्हा धुवावी. नंतर काचेवर व फिल्मच्या चिकट बाजूवर तेच पाणी फवारून फिल्म ठेवावी, आणि रबराच्या पट्टीने मध्यापासून कडांकडे दाबत पाणी बाहेर काढावे. कडेला एक-दोन मिलिमीटर जागा सोडतात; कडा सिलिकॉनने जखडावयाच्या असल्यास पुरवठादाराच्या सूचनेप्रमाणे अंतर ठेवावे. आरंभी दिसणारा दुधी डाग किंवा पाण्याचे बारीक फुगे काही आठवड्यांत नाहीसे होतात. मात्र आत धूळ अडकल्याचे ठिपके जात नाहीत, व तेवढ्यासाठी काम नाकारण्यास हरकत नाही. जाड फिल्म पूर्ण चिकटण्यास महिना किंवा अधिक काळ लागतो. दमट हवेत तो वाढतो, म्हणून पावसाळा टाळून दिवाळीच्या सुटीत काम घेणे सोयीचे. तोवर काच पुसू नये. पुढेही मऊ फडके व सौम्य साबणच वापरावा.

आणखी एक गोष्ट तपासावी. आगीच्या प्रसंगी काच फोडून बाहेर पडण्यासाठी एखादी खिडकी ठरविलेली असेल, तर तिला फिल्म लावू नये. लावलेली काच फोडून वाट काढणे लहान मुलांना तर अशक्यच असते. अशा खिडक्या अंदाजपत्रकातच वगळाव्यात आणि बाकीच्यांची यादी, फिल्मची जाडी व बसविल्याची तारीख इमारतीच्या नोंदवहीत लिहून ठेवावी, म्हणजे कडा सुटू लागल्यास हमीच्या मुदतीत पुरवठादाराला बोलाविता येते.