सातच्या बातम्या साडेनवाला

मुलुंडला राहून नोकरीसाठी रोज सीएसएमटी गाठणाऱ्याला सातच्या बातम्या सातला मिळत नाहीत. आमच्याकडे जुना डेस्कटॉप टीव्ही रेकॉर्ड करून ठेवतो आणि घरातल्या कुठल्याही लॅपटॉपवर ब्राउझरमध्ये तो बघता येतो. या खटाटोपातून पक्कं कळलेलं थोडं लिहिते.

१. रेकॉर्डिंग खुलं हवं. डीटीएच कंपनीच्या बॉक्समधलं रेकॉर्डिंग कुलूपबंद असतं, ते कॉम्प्युटरवर उघडत नाही. दूरदर्शनच्या फ्री डिशला महिन्याचं भाडं नाही. २००४ साली ती ‘डीडी डायरेक्ट प्लस’ नावाने सुरू झाली. तिच्यावरचं सह्याद्री कॉम्प्युटरमधलं डीव्हीबी-एस२ कार्ड थेट पकडतं.

२. गच्चीत जाऊन आधी आग्नेयेकडे बघा. फ्री डिशचा जीसॅट-१५ उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला आहे. मुंबईतून तो क्षितिजाच्या साधारण ५७ अंश वर येतो. आपल्याकडे पुनर्विकासाचे टॉवर रोज वाढताहेत, पण लगेच धास्ती घेऊ नये. समोरची इमारत आपल्या गच्चीच्या वर जितकी जाते, ती उंची मधल्या अंतराच्या दीडपटीच्या आत असेल, तर अडचण येत नाही. जुलैत मुसळधार सरीत चित्राचे चौकोन पडतात. तेव्हा डिशला हात लावू नका. सर ओसरली की चित्र आपोआप जागेवर येतं.

३. खरी मेहनत ब्राउझरसाठी. फ्री डिशवरच्या बऱ्याच वाहिन्या अजून एमपीईजी-२ मध्ये येतात आणि क्रोम किंवा फायरफॉक्स ते चालवत नाहीत. म्हणून डेस्कटॉपवरच्या सर्व्हरने चित्र एच.२६४ आणि आवाज एएसी करून पाठवायचा. प्रोसेसरमध्ये या रूपांतराची वेगळी सोय असेल, तर जुनं मशीनही दमत नाही; नसेल तर हे काम रात्री उरकून घ्यावं. याच टप्प्यावर डीइंटरलेसिंग चालू करा. प्रक्षेपणात एका चित्राच्या सम आणि विषम ओळी वेगवेगळ्या क्षणी टिपलेल्या असतात. त्या तशाच जोडल्या, की बातम्यांखालच्या सरकत्या पट्टीतल्या अक्षरांचे काने दातेरी होतात, शिरोरेषा मात्र शाबूत राहते. आईचे डोळे त्यानेच शिणायचे. ही एक खूण केली आणि पट्टी स्वच्छ वाचता येऊ लागली. सगळ्या जुळणीत मला सर्वांत मोलाची वाटते ती हीच गोष्ट.

४. रेकॉर्डिंग दोन मिनिटं आधी सुरू करा, दहा मिनिटं उशिरा थांबवा.

५. घरात प्रत्येकाचं खातं वेगळं ठेवा. जेलिफिन हा मोफत सर्व्हर कोण कुठे थांबलं ते लक्षात ठेवतो. आई दुपारी अर्धं नाटक बघून उठते, संध्याकाळी तिथूनच पुढे बघते. माझ्या बातम्यांशी त्याची सरमिसळ होत नाही. तिच्या लॅपटॉपवर मी फक्त एक बुकमार्क ठेवला आहे.

६. बाहेरून बघायचं असेल तर राउटरचा पोर्ट उघडा टाकू नका, व्हीपीएन वापरा. आणि रेकॉर्डिंग घरच्यांपुरतंच ठेवा, वाटत फिरू नका.

७. तासाभराचं रेकॉर्डिंग साधारण एक-दीड जीबी होतं, त्यामुळे डिस्क लवकर भरते. बातम्या दोन दिवसांनी आपोआप पुसल्या जाऊ द्या. नाटकं, गाण्याच्या मैफली, मुलाखती यांवर मात्र ‘कायम’ची खूण करा आणि त्यांची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर काढा, असे कार्यक्रम पुन्हा दाखवतीलच याचा काही भरवसा नसतो.