बुलंद दरवाजाच्या पायऱ्यांवर

दिवाळीच्या सुटींत नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांसह आम्हीं उत्तर हिंदुस्थानची सहल केली. आग्र्याच्या ताजमहालाविषयीं पुष्कळांनीं पुष्कळ लिहिलें आहे. त्यांत आमची भर नको. परंतु दुसरे दिवशीं फत्तेपूर शिक्रीस बुलंद दरवाजाच्या पायऱ्यांवर आमचा जो पाठ झाला, त्यांत आमच्याच हातून झालेली एक चूक उघडकीस आली. सबब तो येथें लिहून ठेवीत आहों.

शिक्री हें गांव आग्र्याच्या पश्चिमेस सुमारें ३७ किलोमीटरांवर, खडकाळ टेकडीच्या धारेवर आहे. तेथें शेख सलीम चिश्ती नांवाचे साधु राहत. अकबर बादशहाचीं मुलें जगत नसत. या साधूच्या आशीर्वादानें आपणांस पुत्र झाला अशी त्याची श्रद्धा होती. तो पुत्र १५६९ सालीं शिक्रीसच जन्मला व साधूच्या नांवावरून त्याचें नांव सलीम ठेविलें. हाच पुढें जहांगीर बादशहा झाला. या आनंदांत अकबरानें तेथें मशीद, महाल, दरबार अशी सगळी राजधानीच उभारली. १५८५ त तो पंजाबाकडे गेला आणि शहर ओस पडत चाललें. पाणी पुरेना म्हणून शहर सोडलें, असें पुष्कळ पुस्तकांत असतें. आम्हांस वायव्य सरहद्दीवरील राजकारणाचें कारण अधिक सयुक्तिक वाटतें.

दरवाजा मशिदीच्या दक्षिण अंगास आहे. मशीद आधींची, १५७१-७२ ची. दरवाजा मागाहून जोडलेला. दरवाजाची उंची सुमारें १३४ फूट, आणि खालच्या पायऱ्या धरल्यास जमिनीपासून सुमारें १७६ फूट. म्हणजे पंधरा मजली इमारतीएवढा. तांबड्या वालुकाश्मांत पांढऱ्या संगमरवराच्या पट्ट्या बसविल्या आहेत. खालून वर पाहतांना एका मुलाची टोपी मागें पडली, आणि मुलांनीं तेंच उंचीचें माप ठरविलें.

येथें एक गोष्ट बारकाईनें पाहण्याजोगी आहे. एवढ्या मोठ्या दारांतून सामान्य उंचीच्या मनुष्यानें जावयाचें, तर त्यास मुंगीसारखें वाटणार. कारागिरानें यावर युक्ति योजिली ती अशी, कीं समोर प्रचंड कमान करून तिच्या आंत अर्ध्या घुमटासारखी पोकळी ठेविली, आणि त्या पोकळीच्या तळाशीं मनुष्याच्या मापाचीं दारें बसविलीं. मागील बाजूस तर हीच इमारत टप्प्याटप्प्यानें उतरत येऊन अंगणाच्या ओवऱ्यांशीं मिळते. “सर, पुढून राजा आणि मागून रयत!” असें एका मुलीनें म्हटलें, तें आम्हांस पटलें. तरीही अंगणांत उभें राहिल्यावर दृष्टि पश्चिमेच्या नमाजस्थानाकडे न जातां पुनःपुनः दरवाजाकडेच वळते. मशिदीचा मान तिच्या दारानेंच घेतला असें आमचें मत आहे. दाराच्या लांकडी फळ्यांवर घोड्यांचे नाल ठोकलेले आहेत. आजारी जनावर बरें व्हावें म्हणून धन्यानें साधूस नवस करावा व नाल ठोकावा, अशी रीत होती.

आतां आमच्या चुकीकडे वळूं. बुलंद दरवाजा दक्षिणेच्या विजयाप्रीत्यर्थ १६०१ त बांधला, असें आम्हीं कित्येक वर्षें वर्गांत सांगत आलों. दरवाजावर फारसी लेख आहे, व तेथें एका वृद्ध मौलवीसाहेबांनीं तो आम्हांस समजावून दिला. बादशहानें दख्खन, व पूर्वीं ज्यास खानदेश म्हणत तो दानदेश जिंकला, आणि हिजरी १०१० त फत्तेपुरास येऊन तो आग्र्यास निघाला, असा त्याचा आशय आहे. ही हकीकत १६०१ ची खरी. परंतु ती लेखाची, दरवाजाची नव्हे. दरवाजा त्यापूर्वींच, बादशहा तेथें राहत असतां उभा राहिला. १५७३ च्या गुजराथ-विजयाशीं लोक त्याचा संबंध जोडतात. नेमक्या सालाविषयीं पंडितांत एकमत नाहीं. भिंतीवरचा लेख आणि भिंत हीं एकाच दिवशींचीं असतात असें धरून आम्ही चाललों होतों! मुलांसमोरच आम्हीं टिपणवहींतील ओळ खोडली.

आमच्या मंडळींत यावल तालुक्यांतील एक मुलगा होता. “सर, म्हणजे आमचा मुलूख जिंकल्याचें येथें लिहिलें आहे काय?” असें त्यानें विचारलें. होय, तेंच लिहिलें आहे. १६०० त अहमदनगरचा किल्ला पडला, १६०१ च्या जानेवारींत असीरगड पडला व फारुकी घराण्याचें राज्य संपलें. शाहजादा दानियाल याच्या नांवावरून खानदेशास दानदेश हें नवें नांव मिळालें. मुलगा कांहीं वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, “पण आम्ही अजून खानदेशच म्हणतों.”

त्याच लेखांत दुसराही मजकूर आहे, आणि तो येशूच्या नांवानें आहे. जग हा पूल आहे, त्यावरून जावें, त्यावर घर बांधूं नये, असा त्याचा भाव. आमच्या कांहीं मुलांनीं तें वचन शुभवर्तमानांत कोठें आहे हें विचारलें. चारही शुभवर्तमानांत तें नाहीं. मुसलमानी ग्रंथपरंपरेंत तें येशूचें म्हणून चालत आलें आहे. ख्रिस्ती पाद्री या नगरींत आले होते हेंही खरें. १५७९ च्या नोव्हेंबरांत गोव्याहून निघून रुडॉल्फ अक्वाविवा व त्यांचे सोबती १५८० त येथें पोहोंचले, आणि त्यांनीं बादशहास पवित्र शास्त्राची अनेकभाषी प्रत नजर केली. अक्वाविवा १५८३ त गोव्यास परतले व त्याच वर्षीं साष्टींतील कुंकळ्ळी येथें मारले गेले. परंतु हें वचन त्यांच्याकडूनच आलें असें म्हणण्यास आधार नाहीं.

मग मुलांत वाद लागला. एकाच दारावर मुलूख जिंकल्याची बढाई आणि जगावर घर न बांधण्याचा उपदेश; यांतलें बादशहाच्या मनांतलें कोणतें? एक म्हणाला, दुसरें केवळ शोभेसाठीं. तेव्हां आम्हीं एवढेंच सांगितलें, कीं १६०१ त बादशहा या पायऱ्या चढला असेल तेव्हां हें नगर सोडून त्यास सोळा वर्षें झालीं होतीं, आणि ज्याच्या जन्मासाठीं तें उभारलें तो सलीम अलाहाबादेस बंड करून बसला होता. दक्षिणेहून बादशहाला लगबगीनें परतावें लागलें तें त्यामुळेंच.

यानंतर कोणी शोभेचें नांव काढलें नाहीं. ऊन कलत होतें. यावलच्या मुलानें वहीवर दरवाजाचें चित्र काढावयास घेतलें होतें. कमान पूर्ण झाली, वरच्या छत्र्या राहिल्या, तोंच मोटार सुटण्याची वेळ झाली. तें अर्धें चित्र आतां आमच्या वर्गांतील फळ्याशेजारीं लाविलेलें आहे, आणि त्याखालीं त्यानें दोन सालें निरनिराळीं लिहिलीं आहेत.