परदेशी निघताय? ट्रायपॉड असा निवडा

ठाण्याच्या नौपाड्यातून विमानतळाची गाडी सुटायच्या आदल्या रात्री घाईत उचलायची ही वस्तू नाही. तीन आठवडे हाताशी ठेवा. चला, जेवणाचं टेबल मोकळं करा. कॅमेरा, केबिन बॅग, स्वयंपाकघरातला वजनकाटा, बॅग तोलायचा लटकता काटा आणि मोजपट्टी, एवढंच सामान लागेल.

१. कॅमेऱ्याला सोबत न्यायची सगळ्यात जड लेन्स लावून वजन करा. बॅटरी आत हवी. घरीच राहणारी लेन्स लावलीत, तर उगाच दणकट ट्रायपॉड गळ्यात पडेल.

२. त्या वजनाची तिप्पट करा. ८०० ग्रॅम भरलं तर २ किलो ४०० ग्रॅम. ट्रायपॉड निदान एवढं पेलणारा हवा. लेन्स तिरकी झाली की भार एका बाजूला जातो, म्हणून इथे काटकसर नको.

३. तिकिटावर हातातल्या बॅगेची मर्यादा शोधा. आपल्याकडून निघताना इकॉनॉमीत बहुधा ७ किलो असते. मधलं विमान दुसऱ्या कंपनीचं असेल तर तीही पाहा आणि सगळ्यात लहान आकडा धरा.

४. बॅग खरीखुरी भरून तोला. औषधं, स्वेटर, चार्जर, सगळं आत. ५ किलो ८०० ग्रॅम भरली तर ट्रायपॉडच्या वाट्याला १ किलो २०० ग्रॅम उरले. लेकीसाठीचा चकल्यांचा डबा हातातल्याच बॅगेत जाणार असेल तर तोही आत्ताच ठेवा. तो ऐनवेळी आला की हिशेब कोलमडतो.

५. बॅगेची आतली लांबी मोजा. मिटलेला ट्रायपॉड त्यात मावायला हवा. साधारण ४० ते ४५ सेंटिमीटर. बाहेरून मोजलीत तर चाकांची उंचीही धरली जाते आणि फसगत होते.

६. कुठले फोटो काढायचे ते कागदावर लिहा. नॉर्वेत ट्रॉम्सोला उत्तरेचा प्रकाश टिपायचाय? पूर्ण उंचीचाच घ्या. फक्त फोन असेल तर वीतभर उंचीचा छोटा पुरे. भर संग्रहालयांवर असेल तर आधी नियम वाचा: लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये हातात कॅमेरा धरून फोटो काढता येतात, ट्रायपॉड मात्र परवानगीशिवाय लावता येत नाही.

७. कॅमेरा घेऊन दुकानात जा. गोखले रोडच्या आसपास पाहा. निवडीला वाव कमी वाटला तर लोकलने सीएसएमटी गाठा, समोरच बोरा बाजार आहे. रविवारी जाऊ नका, फोर्टातली बरीच दुकानं बंद असतात.

८. पाय पूर्ण उघडा, पण मधली दांडी खालीच ठेवा. ती वर ओढली की अख्खा ट्रायपॉड डुलतो. दुकानदार दांडी वर करून उंची दाखवतो. तुम्ही ती खाली करून मोजा. स्क्रीन वळणारी असेल तर छातीएवढी उंची पुरते आणि वजनही वाचतं.

९. वरच्या बैठकीवर तळहात ठेवून हलकेच डावी-उजवीकडे पिळा. ही परीक्षा मन लावून करा, माझा सगळा भरवसा हिच्यावर आहे. पाच तुकड्यांचे पाय छान आखूड मिटतात, पण शेवटचा तुकडा पेन्सिलीएवढा बारीक असेल तर तिथेच लचक येते. चार तुकड्यांचा, जरा लांब मिटणारा मी केव्हाही आधी घेईन. कार्बनचा हलका आणि थंडीत हाताला कमी झोंबणारा, पण महाग. अ‍ॅल्युमिनियमचा तुमच्या ग्रॅमांत बसत असेल तर खुशाल घ्या.

१०. कॅमेरा लावून तिरका करा, खटका आवळा आणि दहा आकडे मोजा. लेन्स केसभर जरी खाली झुकली तरी तो बाजूला ठेवा. मोजताना एक हात कॅमेऱ्याखाली असू द्या!

११. बदलून देण्याची मुदत बिलावर लिहून घ्या, मगच पैसे द्या. तोंडी शब्दावर विसंबू नका.

१२. त्याच संध्याकाळी मासुंदा तलावाच्या काठावर ट्रायपॉड उभा करा. चालणाऱ्यांच्या वाटेत पाय पसरू नका.

१३. दिव्यांचा एक फोटो २ सेकंदांच्या शटरने काढा. टायमरही २ सेकंदांचा लावा, कारण बोटाच्या दाबानेच फोटो हलतो. लेन्सचं स्टॅबिलायझेशन बंद करा. मग फोटो मोठा करून बघा: पाण्यातली प्रतिबिंबं पसरलेली चालतील, काठावरचे दिवे मात्र टोकदार हवेत. पुसट आले तर दुसऱ्या दिवशी बिल घेऊन दुकानात.

१४. पायांचे अणकुचीदार खिळे आणि घट्ट करायची किल्ली चेक-इनच्या बॅगेत टाका. हातातल्या बॅगेत राहिली तर सुरक्षा तपासणीत काढून घेतली जाऊ शकतात.

१५. कॅमेऱ्याखालची प्लेट आत्ताच घट्ट बसवून ठेवा. माझी एकदा घरातल्या खणात राहिली आणि सबंध प्रवासभर ट्रायपॉड नुसता खांद्यावर वाहिला.